काचेचा डोळा शोधणारी माणसं

ऑफिसात तिला सगळे ‘पहिलं पान’ म्हणत. हे नाव तिनेच स्वतःवर ओढवून घेतलं होतं. नवं गिऱ्हाईक समोर बसलं की ती खुर्ची पुढे सरकवून सांगायची, “काळजी करू नका, तुम्हाला पहिल्या पानावर आणू.” इंटरनेटवर कुणी काही शोधलं की वेबसाइटांची जी रांग येते, तिचं पहिलं पान. “दुसरं पान म्हणजे बोळाच्या टोकाचं दुकान,” ती समजावायची. “माल सोन्यासारखा असला तरी तिकडे कुणी फिरकत नाही.”

या कामात तिचा हातखंडा होता. पानाला शीर्षक काय द्यायचं, कुठला शब्द कुठे पेरायचा, फोटोखाली काय लिहायचं, फोनवर पान चटकन उघडावं म्हणून काय काय काढून टाकायचं, हे सगळं तिला येत होतं. आणि येत होतं म्हणूनच त्याचा कंटाळाही आला होता. गाद्या, पडदे, नळदुरुस्ती, उंदरांचा बंदोबस्त. दुकान बदलायचं, वाक्यं तीच. ‘उत्तम सेवा, वाजवी दर’ इतक्या वेळा लिहून झालं होतं, की घरी जेवताना नवऱ्याने “भाजी कशी झालीय?” विचारलं तर तिच्या तोंडून “उत्तम” एवढंच निघायचं, आणि त्याला ते टोमण्यासारखं वाटायचं.

तिचे काका डोळे करत.

लहानपणी शाळेत हे सांगितलं तेव्हा अख्खा वर्ग खो-खो हसला होता. पण खरंच ते डोळे करत. अपघातात, आजारपणात ज्याचा डोळा काढावा लागला, त्याला दुसऱ्या डोळ्याशी जुळणारा डोळा करून देणं हा त्यांचा व्यवसाय. मोठ्या हॉस्पिटलच्या मागच्या रस्त्यावर तळमजल्याला दोन खोल्या होत्या. आतल्या खोलीत उत्तरेच्या खिडकीपाशी काकांचं टेबल. त्यावर दोन-चार केसांचे कुंचले, रंगांच्या बुटक्या बाटल्या, आणि लाल रेशमाचं रीळ. त्या रेशमाचा एकेक तंतू सोडवून काका डोळ्याच्या पांढऱ्या भागावर शिरा बसवत. बाहेरच्या खोलीत काकू. आलेल्या माणसाला पाणी देणं, बसवणं, बोलतं करणं हे तिचं खातं. तिथल्या भिंतीवर एक आरसा होता, तो काकू पाठमोरा टांगून ठेवायची. माणसाने स्वतःहून मागितला की मगच सरळ करायची.

एका रविवारी ती काकांकडे गेली, तर काका कुंचले वर्तमानपत्रात गुंडाळत होते.

“हे काय काका? रंगकाम काढलंय का घरात?”

“आवरतोय. बंद करायचं आता.”

“अहो, पण का?”

“कुणी येतच नाही गं. डोळ्याची वर्षाची पॉलिश करायला जुनी मंडळी येतात तेवढीच. नवीन माणूस शेवटचा कधी आला, विचार तुझ्या काकूला.” काकांच्या आवाजात तक्रार नव्हती. उलट चेहरा खुलला होता. “मी म्हणतो चांगलंच झालं. ऑपरेशनं सुधारलीत, औषधं सुधारलीत. लोकांचे डोळे वाचतायत! माझ्या धंद्याला याहून चांगलं मरण कुठलं?”

काकू स्वयंपाकघरातून म्हणाली, “पेशंट पाठवणारे हॉस्पिटलातले मोठे डॉक्टर रिटायर झाले तेव्हापासून लोकांचे डोळे वाचायला लागले. कमालच म्हणायची.”

काकांनी ते कानाआड केलं. पण पुतणीच्या डोक्यात ते अडकून बसलं.

सोमवारी ऑफिसात गेल्या गेल्या तिने सवयीने एक गोष्ट केली. लोक इंटरनेटवर काय शोधतात, कुठल्या शब्दांत, हे दाखवणारं एक साधन तिच्या रोजच्या वापरात होतं. आजवर त्यात तिने गाद्या आणि उंदीर सोडून काही टाकलं नव्हतं. त्या दिवशी तिने ‘डोळा’ टाकलं, मग ‘काचेचा डोळा’, मग ‘खोटा डोळा’. आणि चहा गार होईपर्यंत ती वाचत राहिली.

त्या शनिवारी ती लॅपटॉप घेऊन काकांकडे धडकली. “बसा दोघं,” म्हणाली आणि एकेक वाचायला लागली.

“काचेचा डोळा कुठे मिळतो. काचेचा डोळा दुखतो का. डोळा काढल्यावर रडता येतं का. मुलीचा डोळा काढला आता पुढे काय. खोटा डोळा ओळखू येतो का. एका डोळ्याने गाडी चालवता येते का. डोळा काढला हे नवऱ्याला कसं दाखवू.”

काका ऐकत होते. हातातला कुंचला तसाच राहिला.

“हे कुणी विचारलंय?”

“माणसांनी. आपल्याच भागातल्या. दर महिन्याला शेकडो जण.”

“आणि विचारतायत कुणाला?”

“सर्चला. यंत्राला.”

“मग यंत्र काय सांगतं?”

तिने ‘काचेचा डोळा’ शोधून लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला. सगळ्यात वर बाहुल्यांच्या डोळ्यांचा घाऊक व्यापारी. त्याखाली नाटकाच्या सामानाचं दुकान. मग ‘जगातल्या विचित्र वस्तू’ असा कुणाचातरी लेख.

“आणि मी?”

“तुम्ही नाहीच आहात काका.”

“असं कसं? माझी वेबसाइट आहे की! तुझ्या काकूच्या भाच्याने करून दिलीय.”

वेबसाइट होती, ते खरं. शीर्षकाच्या जागी भाच्याने ‘मुखपृष्ठ’ एवढंच लिहिलं होतं. खाली काकांचा तरुणपणीचा फोटो आणि मोठ्या अक्षरांत ‘नेत्रकोटर पुनर्रचना व सौंदर्यसेवा’. हा शब्द त्या मोठ्या डॉक्टरांनी सुचवलेला, आणि काकांना त्याचा फार अभिमान होता.

“हा शब्द कुणीतरी शोधत असेल ना?” काकांनी विचारलं.

“एकाने शोधलाय. बहुतेक तुम्हीच.”

काकू पदर तोंडाला लावून हसली. काकांना हसू आलं नाही. ते उठून खिडकीपाशी गेले. मग वळून म्हणाले, “म्हणजे लोकांचे डोळे वाचत नव्हते. त्यांना मी सापडत नव्हतो.”

“हो काका.”

त्यांनी वर्तमानपत्र सोडवलं आणि कुंचले पुन्हा बरणीत उभे केले. “काय करायचं ते सांग.”

तिला वाटलं होतं, हे एका दुपारचं काम. तिने नेहमीच्या हाताने पान लिहून टाकलं आणि काकांना दिलं. काकांनी चष्मा लावून ते मोठ्याने वाचलं. “उत्तम कृत्रिम डोळा शोधत आहात? आमचे कृत्रिम डोळे हे उत्तम दर्जाचे कृत्रिम डोळे असून कृत्रिम डोळ्यांसाठी…” ते थांबले. “अगं, हा मजकूर आहे की झांज वाजवतेयस?”

“शब्द परत परत आला की यंत्राला कळतं, पान कशाबद्दल आहे ते.”

“यंत्राला कळेल. पण ज्याचा डोळा परवा काढलाय, त्याने हे वाचायचं? त्याला वाटेल, मी घाऊक व्यापारीच आहे. बाहुल्यांचा.”

तिला ते लागलं. इतक्या वर्षांत तिच्या लिखाणाला असं तोंडावर कुणी बोललं नव्हतं. गाद्यावाले तर वाचतसुद्धा नसत. घरी जाताना बसमध्ये ती मनातल्या मनात काकांशी भांडत होती. पण उतरायच्या आत भांडण संपलं, कारण काकांच्या बाजूनेही तीच बोलत होती आणि तीच बाजू जिंकत होती.

मग ती काकूकडे वळली. पुढचे काही शनिवार बाहेरच्या खोलीत जाऊन बसली. पॉलिशला येणारी जुनी मंडळी तिथे गप्पा मारायची. पहिल्यांदा आलात तेव्हा काय विचारावंसं वाटत होतं, असं ती एकेकाला विचारायची. एक निवृत्त पोस्टमन म्हणाला, “मला विचारायचं होतं, शिंक आली तर बाहेर पडेल का. लाजेपायी विचारलंच नाही. वर्षभर शिंक दाबत फिरलो.” एक शिंपीणबाई म्हणाली, “सुईत दोरा ओवता येईल का, एवढंच.”

“आणि लोक दारात आल्यावर तुला काय विचारतात?” तिने काकूला विचारलं.

“मला काही विचारत नाहीत. आधी विचारतात, जिना चढायचाय का. मग विचारतात, दुखेल का. आणि तिसरा प्रश्न विचारायच्या आधी रडतात. ते झालं की सगळं विचारतात.”

त्यातून पानं उभी राहिली. एका प्रश्नाला एक पान, आणि उत्तर पहिल्याच ओळीत. रडता येतं का? येतं, अश्रू पूर्वीसारखेच येतात. शिंकेने पडेल का? नीट बसवलेला डोळा पडत नाही. लहान मुलांना चालतो का? चालतो, पण मूल वाढेल तसा तो पुन्हा करून घ्यावा लागतो. काका बोलायचे, ती टाइप करायची, आणि काकू मधूनच म्हणायची, “हे फार डॉक्टरी झालं, सोपं कर.”

खरी खडाजंगी झाली ती काचेवरून.

“काचेचा हा शब्द माझ्या पानावर नको,” काकांनी हात आडवा केला. “मी काच वापरत नाही. कधीच वापरली नाही. अॅक्रिलिक आहे ते. खोटं कशाला लिहायचं?”

“पण लोक काचेचाच डोळा शोधतात काका! तो शब्द नसला तर तुम्ही त्यांना दिसणारच नाही. हजारदा सांगितलं!”

“दिसण्यासाठी खोटं बोलू?”

“मग काय करू? त्यांना एकेकाला फोन करून सांगू, की बाबांनो, अॅक्रिलिक असं शोधा?”

“मी तेच तर करतो! येणारा प्रत्येक माणूस म्हणतो, काचेचा डोळा हवाय. आणि मी प्रत्येकाला पहिलं हेच सांगतो, की अहो, काचेचा डोळा म्हणतात खरं, पण तो काचेचा नसतो.”

ती टाइप करता करता थांबली. “काका, परत म्हणा.”

“काय?”

“आत्ता बोललात ते. जसंच्या तसं.”

काकांनी रागारागातच पुन्हा म्हटलं, आणि तिने तेच शीर्षक ठेवलं. ‘काचेचा डोळा म्हणतात, पण तो काचेचा नसतो.’ काकांनी ते वाचलं, पुन्हा वाचलं, खोट काढायला जागा शोधली आणि सापडली नाही, तेव्हा म्हणाले, “हं. हे खरं आहे.”

मग वाट बघणं आलं. नवं पान लगेच वर येत नाही. यंत्र ते वाचतं, तोलतं, लोक त्यावर थांबतात का ते बघतं. हे तिने काकांना समजावलं होतं. तरी रोज सकाळी फोन यायचा, “आज कितवा?” परीक्षेचा निकाल लागायचा असल्यासारखा. एके दिवशी मात्र काकांचा आवाज टिपेला पोचला होता. “पहिला! अगं पहिला आलोय! मी स्वतः बघितलं!” तिने काही बोलायच्या आत फोन ठेवून ते न्हाव्याकडे गेले. तिथे खुर्चीत बसून, साबण लावलेल्या तोंडाने त्यांनी ही बातमी जाहीर केली. न्हाव्याने आपल्या फोनवर शोधलं. बाहुल्यावालाच वर होता. काकांचा पत्ता नाही.

“तुम्ही दिवसातून दहादा तेच पान उघडताय,” ती हसू दाबत म्हणाली. “तुमच्या फोनला कळलंय, याला हेच आवडतं. म्हणून तो तुम्हाला खूश करतोय.”

“म्हणजे फोनसुद्धा तोंडदेखलं बोलतो?”

“फोनच तर बोलतो.”

दरम्यान तिने फोनवरचा नकाशा तपासला. नकाशावर काकांचं ठिकाण हॉस्पिटलच्या कपडे धुण्याच्या विभागात दाखवलं जात होतं. इतकी वर्षं जे थोडेफार लोक शोधत आले असतील, ते चादरींच्या ढिगापाशी जाऊन परत गेले असणार. तिने खूण उचलून दारावर आणली. फोटो टाकले: बाहेरचं दार, पायरी नसलेला उंबरा, काकूची खोली. प्रत्येक फोटोखाली, ज्याला तो दिसणार नाही त्याच्यासाठी, साध्या शब्दांत लिहिलं. ‘जिना नाही. दार निळं आहे.’

हळूहळू पानं वर सरकायला लागली. आधी शिंकेचं पान वर आलं, मग रडण्याचं. काचेचं सगळ्यात शेवटी.

सर्चवरून आलेली पहिली बाई एका गुरुवारी आली. ती बस कंडक्टर होती. डोळ्यावर गॉगल, आणि हातात फोन घट्ट धरलेला. काकूने पाणी पुढे केलं. जिन्याचं तिने विचारलं नाही. दुखेल का, तेही नाही. ती म्हणाली, “रडता येतं, असं लिहिलंय तुम्ही.”

“येतं की,” काकू म्हणाली.

“ऑपरेशनपासून मी रडलेच नाही. मला वाटायचं, आता त्या बाजूने येणारच नाही पाणी; एकाच डोळ्याने रडायचं म्हणजे कसं दिसेल! काल ते वाचलं आणि…” बाईने गॉगल काढला. “दोन्हीकडून आलं हो.”

पुतणी त्या दिवशी रजा घेऊन आली होती, केवळ फोटो बदलायला. कोपऱ्यातल्या खुर्चीत बसून तिने हे ऐकलं. ते वाक्य तिने लिहिलेलं होतं. आजवर तिच्या वाक्यांनी गाद्या खपल्या होत्या. कुणाच्या डोळ्यांतलं पाणी मोकळं झालं नव्हतं. ती उठून आत गेली आणि उगाचच काकांचे कुंचले धुऊ लागली. काका म्हणाले, “ते धुतलेलेच आहेत.” मग तिच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाले, “धू, धू. पुन्हा धू.”

कंडक्टरबाईचा डोळा जमला तेव्हा काकूने आरसा सरळ केला. बाईने डावीकडे बघितलं, उजवीकडे बघितलं, आणि म्हणाली, “आता विनातिकीटवाल्यांना कळणार नाही, मी कुणाकडे बघतेय ते.” काका खुर्चीतून पडायचे बाकी राहिले.

माणसं वाढू लागली. आणि एके दिवशी एक फोन आला. पलीकडून एक बाई तावातावाने बोलत होती.

“तुम्हीच का ते न-काचेच्या डोळ्यावाले? मीही डोळे करते. इथे, माझ्या गावात. माझ्या भिंतीला भिंत लागून राहणारा माणूस, रोज मला नमस्कार करणारा, आगगाडीने दिवसभर प्रवास करून तुमच्याकडे डोळा करायला आला! मला काल कळलं. सांगा, मी काय हात बांधून बसलेय?”

काका म्हणाले, “मला ठाऊक नव्हतं, बाई. तुम्हीही कुणाला सापडत नाही वाटतं?”

पलीकडचा आवाज खाली आला. “नाही सापडत.” आणि थोडं थांबून, “त्याच्या डोळ्याच्या शिरा तुम्ही कशाने बसवल्यात? फार सुरेख आहेत.”

“रेशीम.”

“मी पण रेशीमच. पण माझे तंतू जाड निघतात.”

“ओले करून सोडवा. कोरडे सोडवू नका.”

यानंतर तो फोन इतका लांबला, की काकूने ताट झाकून ठेवलं.

फोन ठेवल्यावर काका पुतणीला म्हणाले, “आपल्या पानावर त्या बाईंचा पत्ता घाल. तिकडच्या लोकांना तिकडेच जाऊ दे.”

आलेल्या वाचकाला पानाबाहेर पाठवायचं नाही, हा तिच्या ऑफिसातला पहिला धडा. मालकीणबाईंनी ऐकलं असतं तर कपाळाला हात लावला असता.

“काका, मुश्किलीने वर आलोय. गिऱ्हाईक दुसऱ्याच्या दारात नेऊन सोडायचं?”

“अगं, एका डोळ्याची सवय नसलेल्या माणसाने दिवसभर गाडीत धडपडत यायचं, ते आपण वर राहावं म्हणून?”

तिने पत्ता घातला. त्या बाईंनी आपल्या वेबसाइटवर काकांचा घातला. मग बाईंच्या ओळखीच्या एका गृहस्थांनी आपला कळवला, ते तिसऱ्याच शहरात डोळे करत होते. काही महिन्यांत काकांच्या पानावर अशा कारागिरांचा एक छोटा नकाशाच तयार झाला. आणि मग जे झालं, त्याने तीही चकित झाली. सगळ्यांची पानं वर सरकली. कारण कामाची माणसं एकमेकांकडे बोट दाखवतात, तेव्हा यंत्रही ते जमेस धरतं. हे तिला पुस्तकातून माहीत होतं. ऑफिसात त्यासाठी लोकांच्या मागे लागावं लागे, विनवण्या कराव्या लागत. इथे काकांनी तसं काही मनात नसताना ते करून टाकलं होतं.

बाहुल्यांचा व्यापारी दुसऱ्या पानावर गेला. काकांना त्याचंही वाईट वाटलं. “त्यालाही सांग ना जरा, ‘बाहुल्यांचे’ असं ठळक लिही म्हणावं.” तिने खरोखरच त्याला निरोप पाठवला. त्याने शीर्षक बदललं आणि आभार मानले. म्हणाला, चुकून येणाऱ्या रडक्या फोनांनी तोही हैराण झाला होता.

काका अजून डोळे करतात. आठवड्यातून दोन दिवस त्या दुसऱ्या गावच्या बाईंशी व्हिडिओवर बोलणं होतं. दोघं कॅमेऱ्यासमोर कुंचले धरून रंगांवरून वाद घालतात, आणि काकू दोघांनाही दटावते.

‘पहिलं पान’ ऑफिसात आहे तिथेच आहे. पण आता नवं गिऱ्हाईक आलं, की ती म्हणते, “आधी दोन दिवस तुमच्या दुकानात येऊन बसते.” मालकीणबाईंनी सुरुवातीला आठ्या घातल्या, मग आकडे बघून आठ्या काढल्या. परवा ती कानाच्या यंत्रांच्या एका दुकानात बाकावर बसली होती. शेजारी एक म्हातारबाबा आपला नंबर यायची वाट बघत होते. त्यांनी तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि सगळ्या दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, “काय मुली, तुलाही कमी ऐकू येतं का?”

“हो आजोबा,” ती त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, “पण सुधारतंय.”

आजोबा सरकून बसले, तिला नीट जागा करून दिली, आणि आपल्याला नक्की काय काय ऐकू येत नाही, ते पहिल्यापासून सांगायला लागले.